जुना प्रवासी ट्रेलर रस्त्यावर नेण्यापूर्वीची तपासणी: क्रम कसा असावा?

चाकांवरचे_घर

1970 च्या दशकाच्या मध्यावर बनलेला, एकाच ॲक्सलचा आणि लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेला एक प्रवासी ट्रेलर नुकताच माझ्याकडे आला आहे. तो बरीच वर्षे छपराखाली उभा होता, त्यामुळे बाहेरून अजूनही देखणा दिसतो. टायरची नक्षी जवळजवळ कोरी आहे, आतील लाकडी कपाटे मूळची आहेत आणि गॅसची शेगडी, भिंतीवरचे दोन गॅसचे दिवे व गॅसवर चालणारा फ्रिज हेही मूळचेच आहेत. सर्व काही चालू स्थितीत असल्याचे विक्रेत्याने सांगितले, परंतु केवळ तोंडी हमीवर घरच्या माणसांना त्यात झोपवण्याची माझी तयारी नाही. पुढच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात पाण्याचा जुना डाग आहे, म्हणून छपराच्या गळतीपासून सुरुवात करावी असा विचार आहे. टायर चांगले दिसत असल्यामुळे चाकांचे काम नंतर घेतले तर चालेल का?

ग्रीसचा_डबा

चाकांचे काम नंतर घेऊ नये, आणि टायरची परीक्षा नक्षीवरून तर मुळीच करू नये. ट्रेलरचे टायर झिजून क्वचितच बाद होतात. ते वयाने बाद होतात, कारण उभ्या ट्रेलरचे सगळे वजन महिनोन्महिने रबराच्या एकाच भागावर राहते आणि ऊन व हवा आपले काम करत राहतात. बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारा संकेतांक शोधावा. त्याचे शेवटचे चार अंक म्हणजे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष. उदाहरणार्थ 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. पूर्ण संकेतांक बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतो, म्हणून तो बाहेरून दिसला नाही तर आतली बाजू पाहावी. पाच ते सात वर्षांहून जुना टायर, मग त्याची नक्षी कितीही ठसठशीत असो, प्रवासासाठी धरू नये. राखीव चाकालाही हाच नियम लावावा.

त्यानंतर बेअरिंग. ट्रेलर जॅकने उचलून तो पक्क्या स्टँडवर टेकवावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर त्याच्याखाली शिरू नये. चाक फिरवून खरखर ऐकणे आणि वर-खाली धरून हलवून पाहणे ही प्राथमिक परीक्षा झाली, परंतु दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या ट्रेलरच्या बाबतीत ती पुरेशी नाही, कारण दमट हवेत एकाच जागी दबलेल्या रोलरखाली गंजाच्या बारीक रेषा उमटतात आणि त्या रिकाम्या चाकात जाणवतीलच असे नसते. ड्रम उतरवून बेअरिंग रॉकेलमध्ये धुवावे आणि उजेडात पाहावे. निळसर झाक दिसली तर ते कधीतरी तापले होते असे समजावे. खड्डे किंवा रेषा दिसल्या तर रोलरबरोबर त्याची ड्रममध्ये बसणारी बाहेरची कडीही बदलावी. जुने ग्रीस पूर्णपणे पुसून काढावे, कारण वेगवेगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन बाहेर वाहू शकतात. ऑइल सील प्रत्येक वेळी नवे घालावे. नट बसवताना चाक फिरवत तो आवळावा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसते. मग तो सैल करून केवळ बोटांच्या जोराने परत लावावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. हे काम वर्षातून एकदा करावे.

ड्रम उघडलेच आहेत तर ब्रेकही पाहावेत. त्या काळातील ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून आतली धूळ हवेच्या झोताने किंवा कोरड्या ब्रशने उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून फडके बंद पिशवीत टाकावे. ब्रेक विजेवर चालणारे असतील तर 10 ते 12 इंची ड्रममधील प्रत्येक मॅग्नेट 12 व्होल्टवर साधारण तीन ते चार अँपिअर प्रवाह घेतो. एका चाकाचा आकडा दुसऱ्यापेक्षा बराच कमी आला तर मॅग्नेटला दोष देण्याआधी वायरचे जोड आणि अर्थिंगची तार तपासावी. ट्रेलर गाडीवर ढकलला गेल्यामुळे लागणारे ब्रेक असतील तर जोडणीच्या मागचा सरकणारा दांडा गंजून अडकत नाही ना, हे पाहावे. ब्रिटनमध्ये 1989 पूर्वी बनलेल्या अनेक ट्रेलरमध्ये गाडी मागे घेताना हे ब्रेक आपोआप सुटत नाहीत, त्यासाठीची खिट्टी हाताने लावावी लागते.

चाकांवरचे_घर

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. आपण सांगितल्याप्रमाणे संकेतांक पाहिला. दोन्ही टायरवर शेवटी चार नव्हे, तीनच अंक आहेत.

ग्रीसचा_डबा

तीन अंकी संकेतांक 2000 सालाच्या आधीचा असतो. ते टायर ट्रेलर अंगणात हलवण्यापुरते वापरावेत, रस्त्यावर नेऊ नयेत. नवे घेताना भारक्षमतेचा आकडा ट्रेलरच्या पूर्ण भरलेल्या वजनाशी ताडून पाहावा आणि हवेचा दाब टायर थंड असतानाच मोजावा. टायरबरोबर हवेचे व्हॉल्व्हही नवे बसवून घ्यावेत.

ओलमापक

ग्रीसचा_डबा यांच्या कोणत्याही सूचनेशी माझा वाद नाही, तरीही क्रमाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. चाकांवर खर्च करण्यापूर्वी, त्या चाकांवर जे उभे आहे ते उभे राहण्याच्या लायकीचे आहे का, हे ठरवायला हवे. लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरमध्ये पत्रा हे केवळ कातडे असते. भार पेलणारे लाकूड त्याच्या आत असते आणि ते कुजलेले असेल तर आपण सुस्थितीतील चाकांवर एक पोकळ डबा ओढत असतो.

डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असे समजू नये. छपरावरच्या झरोक्यातून शिरलेले पाणी सांगाड्याच्या पट्टीवरून वाहत जाऊन दोन-तीन हात दूर खाली उतरते. ओल मोजण्याचे यंत्र घेऊन कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानीभोवतीचा भाग आणि कपाटांच्या आतील भिंती यांवर क्रमाने फिरावे. 15 टक्क्यांपर्यंतचा आकडा निश्चिंत राहण्यासारखा असतो, 20 च्या वर गेला तर पाणी कुठून येते ते शोधावे आणि 30 च्या आसपास असेल तर आत कूज सुरू झाल्याचे धरून चालावे. यंत्राखेरीज स्क्रूड्रायव्हरचे टोकही उपयोगी पडते: प्लायवूडच्या जमिनीत ते सहज रुतले तर तो भाग गेलेला आहे. पत्र्याच्या आत धातूची पट्टी किंवा वायर असेल तिथे यंत्र उगाच मोठा आकडा दाखवते, म्हणून आकड्याबरोबर बोटांनी दाबून आणि वास घेऊनही खात्री करावी.

गळती शोधण्यासाठी नळीने पाणी मारायचे असेल तर खालून वर जावे, म्हणजे कोणत्या सांध्यापाशी पाणी शिरले ते कळते. त्याहून अचूक पद्धत म्हणजे सर्व दारे-खिडक्या बंद करून एका पंख्याने आत किंचित जास्त दाब निर्माण करणे आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी फवारणे. जिथे बुडबुडे येतात तिथेच फट असते. शेगडी, फ्रिज आणि इतर सर्व ज्योती त्या वेळी बंद असाव्यात. माझ्या अनुभवात छपरापेक्षाही कोपऱ्यांवरच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांचे स्क्रू आणि बाहेरच्या कनातीची पट्टी या जागा अधिक फसव्या ठरतात, कारण तिथे वर पाहणाऱ्याचे लक्ष जात नाही.

चेसिसकडेही याच फेरीत पाहावे. पुढच्या त्रिकोणी दांड्या जिथे पहिल्या आडव्या पट्टीला मिळतात ती जागा आणि पाटे (ॲक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे टांगलेले असतात त्या कड्या, या दोन ठिकाणी तडे प्रथम दिसतात. गंजाच्या पापुद्र्यांवर हातोडीने हलके ठोकावे. टणक आवाज येईल तिथे लोखंड शाबूत आहे, बद्द आवाज येईल तिथे ते पोखरलेले आहे. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे एकमेकांना थेट टेकतात तिथे ओल मिळताच ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत बदलू लागते, म्हणून दुरुस्ती करताना मध्ये रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी घालावी.

ज्यांच्याकडे संपूर्ण रिव्हेट मारलेले ॲल्युमिनियमचे ट्रेलर आहेत, विशेषतः 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धातील आणि 1970 च्या दशकातील एअरस्ट्रीम या अमेरिकी कंपनीचे, त्यांनी मागच्या बंपरवर उभे राहून थोडे झुलावे आणि दुसऱ्याला बंपर व कवच यांच्यामधील फटीकडे पाहायला सांगावे. फट उघडझाप करत असेल तर मागची जमीन कुजून कवच चेसिसपासून सुटलेले असते. फायबरग्लासच्या ट्रेलरचे मालक, म्हणजे कॅनडात 1968 साली सुरू झालेल्या बोलर आणि तिच्या धर्तीवर पुढे आलेल्या लहान ट्रेलरचे मालक, भिंतींबाबत सुदैवी असतात. त्यांची जमीन मात्र बहुधा लाकडीच असते आणि चेसिसचे तडे त्यांनाही चुकत नाहीत.

पत्रा_आणि_रिव्हेट

सांध्यांसाठी घरगुती सिलिकॉन वापरू नये, एवढेच जोडतो. सिलिकॉन निघाले तरी मागे एक अदृश्य थर राहतो, ज्यावर पुढे काहीही नीट चिकटत नाही, अगदी नवे सिलिकॉनसुद्धा. पट्टी पूर्ण उतरवून, जुना चिकटा खरवडून, ब्युटाइलची (मऊ, चिकट रबराची) पट्टी घालून ती परत बसवणे हाच टिकाऊ मार्ग आहे. स्क्रूचे छिद्र सैल झाले म्हणून जाडा स्क्रू घालणे म्हणजे कुजलेल्या लाकडाचे निदान पुढे ढकलणे होय.

जुना रंग घासण्याआधी त्यात शिसे आहे का, हे तपासणीच्या पट्टीने पाहावे. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर 1978 साली बंदी आली. त्याआधीच्या ट्रेलरच्या बाबतीत संशयाचा फायदा रंगाला देऊ नये.

निळी_ज्योत

दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचले. माझ्या मते ज्या दोषामुळे माणूस झोपेतच दगावू शकतो, तो दोष या दोन्हींच्या आधी येतो. तपासणीचे काम करताना आपण शेगडी पेटवून पाहणार, आत पाऊस टाळायला थांबणार, कदाचित एखादी रात्रही काढणार. म्हणून गॅसची व्यवस्था पूर्ण तपासून होईपर्यंत सिलिंडर काढून ठेवावा.

सिलिंडर, रेग्युलेटर आणि रबरी नळी या तिन्हींकडे वयाच्या दृष्टीने पाहावे. नळीवर उत्पादनाची तारीख छापलेली असते. ती नसेल, किंवा नळी वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील, तर ती बदलावी. रेग्युलेटरच्या आतील पडदा बाहेरून दिसत नाही, त्यामुळे जुन्या ट्रेलरबरोबर आलेला रेग्युलेटर मी कधीच ठेवत नाही. नवा घेताना दाब उपकरणांवरच्या पाटीशी जुळवावा: अमेरिकी उपकरणे सामान्यतः 11 इंच जलस्तंभाच्या दाबावर चालतात, म्हणजे सुमारे 27 मिलिबार, तर अलीकडची युरोपीय उपकरणे 30 मिलिबारवर. जुन्या ब्रिटिश ट्रेलरमध्ये ब्युटेनला 28 आणि प्रोपेनला 37 मिलिबार अशी वेगळी रेग्युलेटर असत. थंड प्रदेशात ब्युटेन निरुपयोगी ठरतो, कारण शून्य अंशाच्या जरा खालीच त्याचे बाष्प होणे थांबते. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायुरूप राहतो.

तांब्याच्या नळ्या जमिनीखालून जातात. घासल्या जातात त्या जागा, पट्टीने न बांधलेले लांब तुकडे आणि भिंतीतून आत शिरण्याच्या जागा हाताने चाचपून पाहाव्यात. जोडांवर साबणाचे पाणी लावताना अमोनिया असलेला साबण टाळावा, कारण अमोनियामुळे पितळेच्या जोडांना कालांतराने तडे जातात. तथापि बुडबुडे पाहणे ही केवळ जागा शोधण्याची पद्धत आहे. व्यवस्था घट्ट आहे का, हे ठरवण्यासाठी दाबमापक जोडून, सर्व उपकरणे बंद करून, पुरवठा तोडून काही मिनिटे काटा पाहावा लागतो. काटा किंचितही उतरला तर गळती आहे, मग बुडबुडे दिसोत वा न दिसोत. ही चाचणी गॅसचे काम जाणणाऱ्या अधिकृत कारागिराकडूनच करून घ्यावी. गॅस हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो. म्हणूनच जमिनीत आणि सिलिंडरच्या पेटीच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. गार हवा येते म्हणून ती चिंध्यांनी बुजवलेली मी अनेक ट्रेलरमध्ये पाहिली आहेत.

फ्रिजबद्दल थोडे अधिक. गॅसवर चालणाऱ्या जुन्या फ्रिजच्या बंद नळ्यांत अमोनिया, हायड्रोजन, पाणी आणि गंजरोधक म्हणून सोडियम क्रोमेट असते. मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी किंवा पिवळे ओघळ दिसले, अथवा अमोनियाचा उग्र वास आला, तर तो संच फुटलेला आहे. तो पेटवू नये आणि ती भुकटी उघड्या हाताने पुसू नये, कारण क्रोमेट विषारी आहे. फ्रिज शाबूत असला तरी त्याच्या ज्योतीचा धूर बाहेरच जायला हवा. मागची पोकळी आणि राहण्याची खोली यांच्यामध्ये एकही फट नसावी. ट्रेलर तिरका उभा करून असा फ्रिज चालवला तर त्याचे आयुष्य घटते.

शेगडीची ज्योत निळी आणि स्थिर असावी. पिवळी, उंच आणि काजळी धरणारी ज्योत म्हणजे हवेचे प्रमाण बिघडल्याची खूण, आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याचा सूचक झोपणाऱ्याच्या डोक्याच्या पातळीजवळ आणि गॅसगळतीचा सूचक जमिनीलगत बसवावा. दोन्हींच्या मागे मुदतीची तारीख असते. बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे आतला संवेदक जिवंत आहे असे नव्हे.

मूळ_रूप

आपण म्हणता ते सारे मान्य केले तर जुन्या ट्रेलरमध्ये जुने काय उरणार? भिंतीवरचे गॅसचे दिवे हे त्या काळाच्या प्रवासाचे वैशिष्ट्य आहे आणि ते काढून टाकणे म्हणजे ट्रेलर विद्रूप करणे, असे मला वाटते.

निळी_ज्योत

दिवे काढावेत असे मी म्हणालेलो नाही. ते जागेवर राहू द्यावेत. त्यांची गॅसची नळी मुख्य फांदीपाशी योग्य टोपी लावून बंद करावी आणि काचेच्या आत 12 व्होल्टचा लहान दिवा बसवावा. पुढे कोणाला मूळ स्थितीत आणायचे असेल तर सर्व भाग शाबूत राहतात. छताखालच्या उघड्या ज्योतीवर मी मात्र मनुष्य झोपलेल्या खोलीत विश्वास ठेवणार नाही, मग ती कितीही मोहक असो.

तीन_पिना

विजेबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. धातूच्या कातड्याच्या ट्रेलरमध्ये सर्वांत मोठा धोका म्हणजे पत्र्यातच वीज उतरणे: आत उभ्या असलेल्या माणसाला काहीही जाणवत नाही, आणि ओल्या जमिनीवर उभे राहून दाराचे कडे धरणाऱ्याला झटका बसतो. म्हणून बाहेरच्या वीजपुरवठ्याच्या प्लगची अर्थिंगची पीन आणि चेसिस, तसेच ती पीन आणि पत्रा, यांमधील रोध मीटरने मोजावा. तो जवळजवळ शून्य असायला हवा. चेसिस आणि पत्रा यांना जोडणारी जाड तार अनेकदा गंजून तुटलेली सापडते. त्यानंतर फेज आणि न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का ते पाहावे. गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे स्विच त्या काळातील बहुतेक ट्रेलरमध्ये नव्हतेच. ते बसवणे हा मूळ रूपाचा प्रश्न होऊ शकत नाही. 1960 आणि 1970 च्या दशकांतील काही ट्रेलरमध्ये ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. तिथे सॉकेटचे स्क्रू सैल होऊन सांधे तापतात, त्यामुळे प्रत्येक सॉकेट उघडून वितळलेले किंवा काळवंडलेले प्लास्टिक शोधावे.

बॅटरीच्या तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असावा. पाण्याची बॅटरी असेल तर तिची पेटी बाहेर उघडणारी असावी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. जुने चार्जर बॅटरी भरल्यानंतरही तेवढाच दाब देत राहतात आणि तिचे पाणी आटवतात.

आणखी एक गोष्ट, जी विजेची नाही पण आगीशी संबंधित आहे: प्रत्येक झोपण्याच्या जागेपासून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग उघडून पाहावा. रंगाने किंवा चिकट्याने कायमची बंद झालेली खिडकी कागदावर मार्ग असते, प्रत्यक्षात नाही.

चाकांवरचे_घर

सर्वांच्या सूचनांनुसार काम सुरू केले आहे. सिलिंडर काढून ठेवला आहे आणि गॅसच्या चाचणीसाठी कारागिराला बोलावले आहे. फ्रिजच्या मागे पिवळे ओघळ स्पष्ट दिसले, त्यामुळे तो वापरातून काढला. पुढच्या कोपऱ्यात ओलीचा आकडा 30 च्या वर आहे, परंतु मागचा भाग आणि जमीन कोरडी आहे. एका ड्रममधील बेअरिंगवर रेषा होत्या. दोन्ही बाजूंची बेअरिंग, कड्या आणि सील बदलत आहे. क्रमाचा वाद माझ्यापुरता असा मिटला की गॅस आधी बंद, मग सांगाड्याची केवळ तपासणी, मग चाके व ब्रेक, आणि गळतीची प्रत्यक्ष दुरुस्ती त्यानंतर.

पहिल्या छोट्या फेरीपूर्वी जोडणी आणि वजन यांबाबत काय पाहावे?

वजनकाटा

जोडणीच्या कपावर गोळ्याचे माप कोरलेले असते. अमेरिकी ट्रेलरमध्ये 1 7/8, 2 आणि 2 5/16 इंच ही मापे आढळतात, युरोपात 50 मिलिमीटर. दोन इंची कप 1 7/8 इंची गोळ्यावरही बंद होतो आणि मोठ्या खड्ड्यात निसटतो, म्हणून मापाची खात्री कोरलेल्या आकड्यावरूनच करावी. कुलूप लावल्यानंतर पुढच्या जॅकने ट्रेलरचे नाक, म्हणजे जोडणीकडचे पुढचे टोक, वर उचलावे. गाडीचा मागचा भाग त्याबरोबर वर आला पाहिजे. सुरक्षा साखळ्या नाकाखाली एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे जोडणी सुटली तरी नाक त्यांच्यावर टेकते. ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणारा स्विच असेल तर त्याची पीन एकदा ओढून चाके अडकतात का ते पाहावे आणि लगेच परत घालावी, कारण ती बाहेर राहिली तर मॅग्नेट तापतात आणि बॅटरी उतरते. त्याची दोरी साखळीला नव्हे, गाडीला बांधावी.

वजन काट्यावरच करावे. पाटीवरचा आकडा कारखान्यातून निघालेल्या ट्रेलरचा असतो. नंतरच्या मालकांनी घातलेली कपाटे, दुसरी बॅटरी आणि लाकडात मुरलेले पाणी त्यात धरलेले नसते. नाकावरचा भार अमेरिकी पद्धतीत एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के ठेवतात, ब्रिटिश पद्धतीत 5 ते 7 टक्के. दोन्हीकडे गाडीच्या आणि जोडणीच्या मर्यादेपलीकडे जाता येत नाही. मागे जड सामान भरून नाक हलके झाले की ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. तसे झाल्यास वेग वाढवून तो सरळ होण्याची वाट पाहू नये: ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग स्थिर धरावे आणि ट्रेलरचे ब्रेक स्वतंत्रपणे लावता येत असतील तर तेवढेच लावावेत.

ग्रीसचा_डबा

चाकांचे नट ताऱ्याच्या क्रमाने (एकानंतर त्याच्या समोरचा), टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), कोरड्या आट्यांवर आवळावेत आणि पहिल्या फेरीत सुमारे 15, 40 आणि 80 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. प्रत्येक थांब्यावर दोन्ही हबचे तापमान दुरून मोजणाऱ्या तापमापकाने पाहावे. दोन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर बेअरिंग जास्त आवळले आहे किंवा ब्रेक घासतो आहे.

चाकांवरचे_घर

तसे आढळले तर ब्रेक तिथेच, रस्त्याच्या कडेला सैल करावा का?

ग्रीसचा_डबा

आधी हब थंड होऊ द्यावा. गरम ड्रम फुगलेला असतो, त्या स्थितीत जुळवलेला ब्रेक थंड झाल्यावर पुन्हा घासू लागतो. थंड झाल्यावर चाक उचलून मोकळे फिरते का ते पाहावे. फिरत असेल तर बेअरिंगकडे वळावे आणि ते काम घरी पोहोचून नव्हे, पुढे निघण्यापूर्वी करावे.